चित्रकाराची नवी अवजारे

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर वाघूर नदीने डोंगर कापून घोड्याच्या नालेसारखी एक दरी तयार केली आहे. ह्या दरीच्या उभ्या कड्यात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. त्यांतील काही लेण्यांच्या भिंतींवर व छतांवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगविलेली चित्रे आजही पाहावयास मिळतात. ती काढणाऱ्यांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. परंतु त्यांच्या कामाची रीत त्या भिंतींवरूनच कळते. छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या कातळावर प्रथम माती, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. ह्या पांढऱ्या थरावर गेरूने बाह्यरेषा काढीत आणि मग रंग भरीत. तांबडा व पिवळा रंग मातीपासून, काळा काजळीपासून, हिरवा एका खनिजापासून मिळे. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द नावाचा दगड मात्र दूर अफगाणिस्तानातून येई.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. पाथरवट, गिलावा करणारे, रंग वाटणारे, चित्रकार, मूर्तिकार अशा अनेकांचे हात त्याला लागले. शिवाय एवढ्या लोकांचा योगक्षेम चालविणारा कोणी धनवान दाताही लागे. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण ह्याचा मंत्री वराहदेव ह्याने करविले, असे तेथील शिलालेख सांगतो. मोठी कलाकृती घडवायची तर पुष्कळ माणसे व पुष्कळ द्रव्य पाहिजे, हा नियम त्यानंतरही कित्येक शतके टिकून राहिला.

आज ह्या नियमाला अपवाद घडू लागले आहेत. आपल्या घरातील एका मेजापाशी बसून एखादा कलावंत चित्रे काढतो, त्यांना हालचाल देतो, आवाज जोडतो आणि ह्या सर्वांचा मिळून एक खेळ तयार करतो. हा खेळ मग जगातील कोणत्याही देशातील मनुष्य आपल्या संगणकावर खेळू शकतो. कोणत्याही कंपनीचा नोकर नसलेल्या, स्वतःच्या कल्पनेने व स्वतःच्या जबाबदारीवर काम करणाऱ्या अशा माणसाला स्वतंत्र कलावंत म्हणतात. अमेरिकेतील एरिक बॅरोन ह्या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीच्या जीवनावरचा खेळ तयार केला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे, संगीत, कथा व संगणकास दिलेल्या आज्ञा, सर्व काही त्या एकट्याचेच होते. एका मनुष्याला एवढे काम कसे उरकते, हे समजून घ्यावयाचे तर त्याच्या अवजारांची ओळख करून घेतली पाहिजे.

ही अवजारे लोखंडाची वा लाकडाची नसतात. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. कलावंताचा कुंचला, छिन्नी, वाद्य आणि रंगमंच ही सर्व सॉफ्टवेअरच्या रूपाने त्याच्यापुढे हजर असतात. वस्तू नवी असली, तरी तिच्यामागील युक्ती पुष्कळदा जुनीच असते. आणि ती जुनी युक्ती ह्याच जिल्ह्यातील कारागिरांच्या हाती दिसून येते.

प्रथम चित्राचेच पाहावे. संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदावरीच्या काठी पैठण हे गाव आहे. तेथील विणकर पैठणीच्या पदरावर मोर विणतो, तेव्हा त्याच्यापाशी वळणदार रेषा काढण्याचे कोणतेही साधन नसते. ताणा सरळ उभा असतो, बाणा सरळ आडवा जातो. मोराची मान जेथे वळावयाची तेथे तो रंगीत धागा एकेक घर पुढे सरकवीत जातो. जवळून पाहिले तर ती मान पायऱ्यापायऱ्यांची दिसते. हातभर अंतरावरून पाहिली की तीच डौलदार वळण घेते. संगणकाच्या पडद्यावरील चित्र नेमके असेच असते. पडदा म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. ह्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका ओळीत १,९२० पिक्सेल आणि अशा १,०८० ओळी, हे आजच्या पडद्याचे एक सर्वसाधारण माप आहे. ह्या मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचे प्रमाण ० ते २५५ ह्या आकड्यांनी ठरविलेले असते. आणि त्या तिन्हींच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंगछटा निर्माण होऊ शकतात. विणकर धागे मोजतो, संगणक पिक्सेल मोजतो, एवढाच फरक.

ह्या जाळीवर रंगकाम करण्यासाठी क्रिटा व गिंप ही सॉफ्टवेअरे वापरतात. ‘क्रिटा’ हा स्वीडिश भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ खडू असा आहे. गिंपची निर्मिती अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी केली व १९९६ साली ते लोकांस खुले झाले. कलावंत एका सपाट पाटीवर विशिष्ट लेखणीने रेघ ओढतो आणि ती रेघ पडद्यावर उमटते. लेखणी दाबली की रेघ जाड होते, हलकी धरली की बारीक. ह्या सॉफ्टवेअरचा सर्वांत उपयुक्त गुण म्हणजे थर. काचेची अनेक तावदाने एकावर एक ठेवावीत, एकावर डोंगर, दुसऱ्यावर झाड व तिसऱ्यावर माणूस काढावा, आणि वरून पाहिल्यावर सर्व मिळून एकच देखावा दिसावा, तसाच हा प्रकार आहे. माणूस चार बोटे उजवीकडे हवा असे वाटले, तर फक्त त्याचा थर सरकवावयाचा. मागील डोंगराला धक्का लागत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरही माती, चुना, रेषा व रंग असे थर आहेत. परंतु तेथे वरचा थर चढला की खालचा कायमचा झाकला गेला. संगणकातील प्रत्येक थर अखेरपर्यंत मोकळा राहतो.

दुसरा गुण म्हणजे केलेले काम मागे घेण्याची सोय. वेरूळचे कैलास लेणे ह्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळी हे मंदिर एका अखंड कातळातून वरून खाली असे कोरण्यात आले. आधी कळस, मग भिंती, शेवटी पाया, असा तो उलटा क्रम होता. एकदा उडालेली कपरी पुन्हा बसविता येत नव्हती. म्हणून प्रत्येक घाव घालण्यापूर्वी त्याचा हिशेब मनात झालेला असावा लागे. आजचा कलावंत दोन कळा दाबून मागील पन्नास फटकारे पुसून टाकू शकतो. ही सोय फार मोठी आहे. तिने शिकाऊ हाताची भीती नाहीशी केली. परंतु परतीची वाट सदैव मोकळी असली की पाऊल टाकण्यापूर्वीचा विचार ढिला पडतो, हेही खरे आहे. अनुभवी कलावंत म्हणूनच आधी कागदावर पेन्सिलीने कच्चे रेखाटन करतात आणि मगच संगणकापुढे बसतात.

पिक्सेलच्या चित्राला एक उणीव असते. ते फार मोठे केले की त्याच्या पायऱ्या डोळ्यांस दिसू लागतात. खेळाचे नाव, चिन्हे, नकाशे ह्यांसारख्या गोष्टी कधी लहान तर कधी मोठ्या दाखवाव्या लागतात. त्यांसाठी इंकस्केपसारखे सॉफ्टवेअर वापरतात. त्यात ठिपके साठवीत नाहीत. रेषा कोठून निघते, कोठे पोचते आणि वाटेत किती वळते, एवढेच गणिताने नोंदवितात. ह्या वक्ररेषांना पिअर बेझिए ह्या फ्रेंच अभियंत्याचे नाव मिळाले आहे. मोटारगाड्यांचे गोलसर भाग अचूक आखण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात त्याने ह्या रेषांचा उपयोग केला. मोटारीसाठी वापरलेली ती रेषा आज पडद्यावर मराठी अक्षरांची वळणेही काढते.

सपाट चित्राऐवजी सर्व बाजूंनी पाहता येईल अशी आकृती हवी असेल, तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर कामास येते. त्यात कलावंत मातीचा गोळा दाबावा, ओढावा, तासावा त्याप्रमाणे एक आकार घडवितो. हा आकार खरे म्हणजे असंख्य लहान त्रिकोणांचे व चौकोनांचे जाळे असते. त्यावर कातडीचा वा कापडाचा रंग चढवितात, आत हाडांचा सांगाडा बसवितात, आणि एक हाड वळविले की त्यावरील जाळेही वळते. मग दिव्यांची मांडणी करतात. प्रकाश कोठून पडतो, कशावर आदळतो आणि छाया कोठे पडते, हे संगणक गणित करून दाखवितो.

ब्लेंडरचा इतिहास मनोरंजक आहे. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल ह्यांनी ते तयार केले. त्यांची कंपनी २००२ साली बंद पडली आणि सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या कुलपात अडकले. एक लाख युरो दिल्यास ते सर्वांसाठी मोकळे करू, असे गुंतवणूकदारांनी मान्य केले. जगभरच्या वापरणाऱ्यांनी थोडीथोडी वर्गणी देऊन ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्व लोकांचे झाले. लाटव्हिया ह्या छोट्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस ह्या दिग्दर्शकाचा, एका मांजराच्या प्रवासाची गोष्ट सांगणारा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला. २०२५ च्या मार्च महिन्यात त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. लोकवर्गणीतून सुटलेले अवजार मोठमोठ्या चित्रसंस्थांच्या पंक्तीला जाऊन बसले.

चित्राच्या जोडीला आवाज लागतो. पावसाची सर, दार वाजणे, पावलांची चाहूल हे आवाज मुद्रित करून त्यांची कापाकापी करण्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर आहे. ते २००० साली प्रसिद्ध झाले. आवाज म्हणजे हवेतील कंप. संगणक ह्या कंपाची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो व ते आकडे ओळीने मांडून ठेवतो. आकडे उलट क्रमाने वाचले की आवाज उलटा ऐकू येतो. जलद वाचले की तो बारीक होतो. पत्र्यावर वाळू टाकून पावसाचा भास निर्माण करण्यासारख्या नाटकवाल्यांच्या युक्त्या आजचा कलावंतही करतो. फक्त पुढील संस्कार तो संगणकावर करतो.

आता चित्रे झाली, आकृत्या झाल्या, आवाज झाले. ह्या सर्वांना एकत्र आणून खेळ कसा करावयाचा? येथे आज्ञावलीचा, म्हणजे संगणकास क्रमाने दिलेल्या सूचनांचा, संबंध येतो. ही कल्पना समजण्यासाठी संभाजीनगर शहरातील हिमरूच्या मागाकडे पाहावे. रेशीम व सूत ह्यांच्या मिश्रणाने विणलेले वेलबुट्टीचे हिमरू कापड ही ह्या शहराची जुनी ख्याती आहे. अशा वेलबुट्टीसाठी प्रत्येक ओळीत कोणते उभे धागे उचलावयाचे व कोणते खाली ठेवावयाचे, हे सांगावे लागते. फ्रान्समधील जोझेफ मारी जॅकार्ड ह्याने १८०४ साली ह्यासाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वापरणारी योजना सिद्ध केली. भोक असेल तेथे धागा उचलला जाई. नसेल तेथे जाग्यावर राही. पुठ्ठ्यांची माळ बदलली की त्याच मागावर निराळी नक्षी निघे. पुढे हिमरूच्या मागांवरही असे पुठ्ठे आले. चार्ल्स बॅबेज ह्या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्राची कल्पना मांडताना हेच पुठ्ठे डोळ्यांपुढे ठेवले होते. ‘भोक आहे’ किंवा ‘भोक नाही’ ह्या दोन खुणांनी जसे सर्व नक्षीकाम होते, तसेच ‘१’ आणि ‘०’ ह्या दोन अंकांनी संगणकाचे सर्व काम चालते. कापडाचा माग हा अशा प्रकारे संगणकाचा वडीलधारा आप्त होय.

खेळाच्या आज्ञावलीतील पुष्कळसा भाग सर्व खेळांना समान असतो. चित्र पडद्यावर दाखविणे, कळ दाबली की नाही ते पाहणे, वस्तू खाली पडणे, दोन वस्तूंची टक्कर होणे ह्या गोष्टी प्रत्येक खेळात येतात. त्या प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एकदाच उत्तम रीतीने लिहून ठेवाव्यात, ह्या विचारातून गेम इंजिन हे सॉफ्टवेअर निर्माण झाले. समजा, एका विद्यार्थिनीला विटीदांडूचा खेळ करावयाचा आहे. खेळणाऱ्याने कळ दाबली की दांडू फिरला पाहिजे. दांडू विटीला लागला की नाही, लागला असल्यास कोठे व किती जोराने, हे ठरले पाहिजे. मग गुरुत्वाकर्षणाच्या नियमाप्रमाणे विटीने हवेत कमान घेऊन खाली आले पाहिजे. इंजिन प्रथम कळ पाहते, नंतर हिशेब करते आणि शेवटी चित्र काढते. हा फेरा ते एका सेकंदात साठ वेळा पुरा करते. म्हणजे एका फेऱ्यासाठी सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच अवधी त्याला मिळतो. ह्या वेगामुळे डोळ्याला सुटी चित्रे दिसत नाहीत. विटी उडताना दिसते. विटी किती उंच उडावी, खेळ किती अवघड असावा आणि हरल्यावरही पुन्हा खेळावेसे का वाटावे, हे मात्र इंजिन सांगत नाही. ते त्या विद्यार्थिनीलाच ठरवावे लागते.

अशा इंजिनांपैकी गोडो हे अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सूर ह्या दोघांनी तयार केले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. मराठी मुलांच्या दृष्टीने त्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोमन लिपीतील अक्षरे एकापुढे एक मांडली की काम भागते. देवनागरीत तसे होत नाही. ‘कि’ ह्या अक्षरातील वेलांटी उच्चारात ‘क’ नंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी बसते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ ह्यांसारखी जोडाक्षरे निराळेच रूप घेतात. ज्या इंजिनाला हे कळत नाही ते मराठी वाक्याची मोडतोड करून टाकते. गोडोच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत ही अडचण होती. मार्च २०२३ मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीत भारतीय लिपींची अशी जुळणी करण्याची सोय आली. अक्षरांचे सुबक वळणही आता विनामूल्य मिळते. मुंबईतील ‘एक टाइप’ ह्या अक्षररचनाकारांच्या मंडळाने तयार केलेली ‘मुक्त’, ‘बलू’ ही देवनागरी अक्षरवळणे कोणालाही वापरता येतात. ज्या भाषेची अक्षरे यंत्राला नीट लिहिता येत नाहीत, त्या भाषेतील गोष्ट खेळात येऊच शकत नाही. म्हणून ही सुधारणा लहान दिसली तरी महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झालेही आहेत. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या लहानशा संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला व २०२० साली तो प्रसिद्ध झाला. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेत निघते, अशी त्याची कथा आहे. त्यातील वास्तू राजस्थानातील गड व वाडे ह्यांच्या धर्तीवर रेखाटलेल्या असून कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या खेळाच्या रूपाने सांगितलेला आहे. ह्यासाठी त्यांनी अनरिअल हे इंजिन वापरले. अवजार परदेशी होते, परंतु त्यातून उमटलेला आकार येथल्या मातीचा होता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. अवजार कोणाचे? माग स्वतःचा असलेला विणकर आणि परक्याच्या मागावर विणणारा विणकर ह्यांच्या स्थितीत मोठा फरक असतो. दोघांचे कसब सारखे असले, तरी दुसऱ्याला मागाच्या मालकाच्या अटी मानाव्या लागतात. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. काही सॉफ्टवेअरे दरमहा भाडे भरून वापरावी लागतात. भाडे थांबले की काम थांबते. फोटोशॉप हे चित्रकारांचे विख्यात सॉफ्टवेअर १९९० साली निघाले व पुष्कळ वर्षे एकरकमी विकत मिळत असे. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्याने मिळू लागल्या. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी ह्या इंजिनाच्या कंपनीने एक नवे शुल्क जाहीर केले. खेळाचे उत्पन्न व प्रसार ठरावीक मर्यादेबाहेर गेला, तर तो पुढे जितक्या यंत्रांवर बसविला जाईल त्या संख्येप्रमाणे हे शुल्क द्यावयाचे होते. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांनाही ते लागू होणार होते. ज्यांनी त्या इंजिनावर वर्षानुवर्षे श्रम केले होते ते ह्या घोषणेने हादरले. चोहीकडून विरोध झाल्यावर कंपनीने दहा दिवसांत अटी सौम्य केल्या व २०२४ च्या सप्टेंबरात ते शुल्क पूर्णपणे मागे घेतले. प्रसंग टळला, पण त्यातील बोध राहिला.

क्रिटा, गिंप, इंकस्केप, ब्लेंडर व गोडो ही सॉफ्टवेअरे ह्याहून निराळ्या वर्गातील आहेत. ती मुक्त आहेत. म्हणजे ती विनामूल्य मिळतातच, शिवाय त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते व इतरांना देता येते. त्यांनी केलेल्या कृतीवर कर्त्याचाच हक्क राहतो. फी भरण्यास असमर्थ असलेल्या विद्यार्थ्याला ह्या मार्गाने उत्तम अवजार हाती मिळते. अर्थात मुक्त सॉफ्टवेअर आपोआप उगवत नाही. जगभरचे कार्यकर्ते त्यात सुधारणा करतात आणि वापरणारे देणग्या देतात, म्हणून ते टिकते. शिवाय मोठ्या चित्रसंस्थांत नोकरी करावयाची असेल, तर तेथील विकतची सॉफ्टवेअरेही शिकावी लागतात. दोन्हींचे गुणदोष पारखून निवड करणे हेच शहाणपणाचे होय.

अवजार चांगले असूनही काम जतन केले नाही तर सर्व श्रम व्यर्थ जातात. ह्याचा दाखला पुन्हा अजिंठ्यातच मिळतो. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी नेमणूक झाली. त्या रानात त्याने अनेक वर्षे काम केले व मोठमोठी तैलचित्रे इंग्लंडला पाठविली. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस ह्या इमारतीत ती मांडलेली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळून गेली. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १८७२ पासून तेच काम पुन्हा केले. १८८५ साली लंडनमधील संग्रहालयाला आग लागून त्यांचीही अनेक चित्रे नष्ट झाली. ह्या मधल्या काळात मूळ भिंतींवरील चित्रेही झिजत होती. त्यामुळे जळालेल्या चित्रांतील काही तपशील कायमचाच गेला.

ही हानी झाली, कारण चित्रे एकाच ठिकाणी होती. आजचा खेळकर्ता म्हणून गिट नावाचे अवजार वापरतो. फिनलंडमध्ये जन्मलेल्या लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी २००५ साली ते तयार केले. कामात झालेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला, ह्याची नोंद गिट ठेवते. नव्या बदलाने काम बिघडले, तर गेल्या महिन्यातील चांगल्या स्थितीकडे परत जाता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर सर्व इतिहासासह संपूर्ण प्रत राहते. एक यंत्र बिघडले वा चोरीस गेले, तरी दुसरीकडे काम सुरक्षित असते. गिलच्या चित्रांची दुसरी प्रत मुंबईत असती तर!

अशी ही नवी अवजारे. त्यांनी एकट्या माणसाच्या हातात एका कारखान्याचे बळ दिले. तरीही एक गोष्ट त्यांना देता आलेली नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराने हत्तीचे चालणे, हरणाचे दचकणे, दुःखी स्त्रीच्या मानेचा झुकाव हे आधी जगात पाहिले व मगच भिंतीवर उतरविले. पैठणीवरील मोर विणणाऱ्याच्या मनात आधी मोर नाचला. पाहण्याचे हे काम कोणतेही सॉफ्टवेअर कलावंताच्या वतीने करीत नाही. ज्याने खरा पाऊस न्याहाळला नाही, त्याच्या पडद्यावरील पाऊस म्हणजे नुसत्या तिरप्या रेघा.

लेण्यांच्या सहलीला गेलेली मुले पुष्कळदा भराभर एका दालनातून दुसऱ्यात जातात. त्यांतील एखाद्या मुलाने वा मुलीने अर्धा तास एकाच चित्रापुढे बसावे, वहीत पेन्सिलीने एक हात, एक फूल किंवा एक डोळा उतरवून घ्यावा. त्यासाठी ना वीज लागते, ना यंत्र. पुढे संगणक हाती आला की त्या वहीतील रेघ त्याच्या पडद्यावरही चालेल. अजिंठ्याच्या चित्रकारांचे कुंचले केव्हाच झिजून गेले; आजची सॉफ्टवेअरेही काही वर्षांनी जुनी होतील आणि त्यांच्या जागी दुसरी येतील. एकदा नीट पाहावयास शिकलेल्या डोळ्याला मात्र दरवेळी नव्याने आरंभ करावा लागत नाही.